लाल स्वेटर, हिरवं कुंपण

मित्रांनो, चालू व्हायला चहा गार होईपर्यंत वेळ लावणारा जुना संगणक म्हणजे मी. एका लहानशा फोटो स्टुडिओत, खिडकीजवळच्या टेबलावर माझं बिऱ्हाड आहे. पाठीवर उन्हाची तिरीप येते, पोटात पंखा घरघरतो आणि येणारे-जाणारे मला 'ठोकळा' म्हणतात. म्हणोत बापडे. ठोकळ्यानेही चांगले दिवस पाहिलेत.

माझा जन्म कारखान्यातला. त्यातलं फारसं आठवत नाही. पांढऱ्या हातमोज्यांतली बोटं आणि स्क्रू आवळल्याचा बारीक आवाज, एवढंच. मग खोक्यात बसून लांबचा प्रवास झाला आणि जाग आली ती थेट ताईसमोर. ताई या स्टुडिओची मालकीण. तिचे वडील पूर्वी मागच्या अंधाऱ्या खोलीत औषधाच्या पाण्यात कागद बुडवून फोटो तयार करायचे. त्यांनी तिला एक सवय लावली होती. काहीही निरखायचं झालं की डोळे किलकिले करायचे. तसं केलं की रंग मागे सरतात आणि नुसता उजेड आणि सावली उरते. ताई माझ्यासमोरही तशीच बसायची. मला आधी वाटलं, बाईला चष्मा लागलाय.

रंगीत फोटो कृष्णधवल करणं हे आमचं दोघांचं लाडकं काम. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एक बटण दाबलं की रंग गायब. तसं बटण आहे खरं, पण ताई त्याच्या वाटेला जात नसे. पडद्यावर प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी असते, ती एकेक करून सरकवायची. निळा खाली ओढला की आभाळ दाटून यायचं. पिवळा वर नेला की सुकल्या गवतावर चांदणं पसरायचं. त्या वेळी माझ्या आत काय व्हायचं, ते नीट सांगता येत नाही. दिवेलागणीला घरातल्या वस्तूंचे रंग विझत जातात आणि त्या वस्तू उलट जास्तच आपल्या वाटू लागतात, तसं काहीतरी. लोक फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ निरखत उभे राहायचे. कुणीतरी म्हणायचं, "ताई, तुमच्या मशीनला काय नजर आहे हो!" मी दिवसभर फुगून बसायचो.

मग एक नवा, सडपातळ संगणक आला. लग्नाचे अल्बम त्याच्याकडे गेले. माझ्या पोटात हजारो फोटो साचले होते, पाय ठेवायला जागा नव्हती. मी काम करता करता मध्येच अडकायचो. ताईने त्यावर साधा उपाय काढला. मी अडकलो की समोरचं बटण दाबून धरायचं, की मी गार. पुन्हा चालू केलं की हातातलं काम मी साफ विसरलेला असायचो. तरी तिने मला भंगारात काढलं नाही, कारण कृष्णधवल करायचा तिचा जुना प्रोग्रॅम त्या नव्याला पचत नव्हता. वाईट वाटायचं. पण सांगणार कुणाला?

एके सकाळी घड्याळकाका आले. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. तीन महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली होती. तिचा मोबाईल पाण्यात पडून बिघडला होता, आतलं फोटो साठवायचं नखाएवढं कार्ड तेवढं वाचलं होतं. ते त्यांनी रुमालातून काढून ताईच्या हातावर ठेवलं. त्यात तिचा एकटीचा असा एकच फोटो होता. मागे हिरवंगार कुंपण आणि पुढे लाल स्वेटर घातलेली काकू. लग्नानंतर ताईच्या वडिलांनी काकूचा एक कृष्णधवल फोटो काढला होता. त्याच्याशेजारी हा लावायचा, म्हणून काकांना हाही तसाच हवा होता.

"त्यानंतरच्या बाकी सगळ्या फोटोंत ही कुणाच्या तरी मागे उभी आहे," काका म्हणाले. बायकोचं नाव त्यांच्या तोंडी कधी नसायचंच, नुसतं 'ही'. "एवढ्या एकातच पूर्ण दिसते."

ताई त्या दिवशी घाईत होती. एरवी ती फोटोची प्रत आधी माझ्यात उतरवून घ्यायची. माझ्यात जागा नव्हती, म्हणून तिने तो कार्डावरूनच उघडला. डोळे किलकिले केले नाहीत. पट्ट्यांना हात लावला नाही. सरळ ते एक बटण दाबलं आणि हाताच्या सवयीने फोटो त्याच नावाने साठवूनही टाकला.

काका वाकून पाहत राहिले.

"ही कुठंय?"

"अहो काका, ही काय, इथे..." म्हणत ताईने पडद्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. स्वेटरचा लाल आणि कुंपणाचा हिरवा, दोघांचा उजेड सारखाच होता. रंग गेल्यावर दोन्ही एकाच राखाडीत मिसळले होते. पानांमध्ये एक चेहरा आणि दोन हात तेवढे तरंगत होते.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने घाईघाईने एक पाऊल मागे जायची कळ दाबली आणि नेमका मी अडकलो. कार्डावरच्या फोटोतला रंग तर गेलाच होता. रंगीत काकू आता फक्त माझ्या आठवणीत होती आणि मी बंद पडलो असतो तर तिथूनही गेली असती. ताईला हे कळत होतं. पण सवयीचा हात, तो मला बंद करायच्या बटणाकडे गेलाच.

"थांब पोरी," काकांनी तिचं मनगट धरलं. "काटा अडकला म्हणून मी घड्याळ आपटत नाही."

"मग काय करू?"

"बसायचं." आणि त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

मित्रांनो, त्या वेळात मी कुठे होतो, सांगू? मी माझ्याच आत फिरत होतो. दोन्ही बाजूंना फोटोच फोटो. बाळं, नवऱ्या, ओळखपत्रांवरचे घाबरे चेहरे, सगळे राखाडी. मी त्यांच्यामधून एक लाल शोधत चाललो होतो. लांबून, पाण्याखाली ऐकू यावा तसा काकांचा आवाज येत होता. "हिने माझ्यासाठी विणला होता तो. माप न घेता, अंदाजाने. मला तंग झाला. मग रागारागाने स्वतःच घातला आणि वीस वर्षं घातला." मी त्या आवाजाच्या रोखाने गेलो. एका कोपऱ्यात काहीतरी उबदार लागलं. ते उचललं आणि पडद्यावर आणून ठेवलं.

लाल स्वेटर. हिरवं कुंपण. ताईचा जीव भांड्यात पडला. काका माझ्या तापलेल्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उठला बरं का हा."

ताईने आधी माझ्यातलं बरंच जुनं सामान हलवून जागा केली आणि रंगीत फोटोच्या प्रती दोन ठिकाणी ठेवल्या. मग डोळे किलकिले केले. लाल वर नेला, हिरवा खाली बसवला. कुंपण काळोखात मागे गेलं आणि स्वेटर एकेका टाक्यासकट उजळून पुढे आला. पण लालाबरोबर चेहराही उजळून गेला.

"ही एवढी गुळगुळीत नव्हती," काका म्हणाले. "आणि कपाळावरची आठी काय केलीस? फोटो काढताना माझ्यावर चिडलेली होती ती."

ताईने नारिंगी पट्टी जराशी खाली घेतली. सुरकुत्या आल्या. आठी आली.

"हां," काका हळूच म्हणाले. "आता बोलेल." आणि त्यांना रडू आवरेना. ताईलाही आवरलं नाही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. कुणाचेही रंग काढण्याआधी मूळ फोटोची प्रत बाजूला ठेवा आणि मग सावकाश बघा. आमच्यासारखं एखादं म्हातारं यंत्र मध्येच अडकलं, तर चिडून बटणाकडे हात नेऊ नका. स्टूल ओढून थोडं बसा. आत आम्ही कुणाच्या तरी घरातलं माणूस शोधत असतो.