दिल्लीचा कोट

आमच्या गावात कोण कुठं जाऊन आलंय हे विचारावं लागत नसे. ते अंगावरच दिसायचं.

गाव निंभोऱ्याजवळचं, चहूबाजूंनी केळीच केळी. घड वॅगनमध्ये भरून उत्तरेत जायचे, आणि बागायतदारांच्या ग्रुपमधला एक जण मागोमाग गाडीनं जायचा. माल नीट उतरला का, भाव काय फुटला, हे बघायला. पाळी ठरलेली असे. जाताना माणूस धोतर, सदरा, पांढरी टोपी असा आमचा आम्ही ओळखू असा जायचा आणि येताना त्या गावचा होऊन यायचा. कानपूरला गेलेला करकर वाजणारे बूट घेऊन यायचा. भिकन लखनौहून आला तो झुळझुळीत कुडता घालूनच केळीला खत टाकायला गेला. जम्मूला एकच जण गेला होता. त्यानं आणलेली केसाळ टोपी उन्हाळा लागला तरी डोक्यावरून उतरेना, शेवटी घामोळ्यांनी ती उतरवली.

मी जळगावची. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला या सगळ्याची फार गंमत वाटायची. पण एक गोष्ट लवकरच लक्षात आली आणि खटकली. बायकांच्या अंगावर कुठलंच गाव दिसत नसे. त्यांचा प्रवास माहेर ते सासर. दोन्हीकडे लुगडं तेच, नेसायची तऱ्हाही तीच.

सगळ्यांत मान दिल्लीचा. पूर्वी कोणीतरी नुसत्या सदऱ्यावर डिसेंबरात दिल्लीला गेला आणि येऊन महिनाभर अंथरुणाला खिळला, तेव्हा ग्रुपनं मिळून एक कोट घेतला. दिल्लीच्याच जुन्या बाजारातला. काळा, लोकरीचा, पार पोटऱ्यांपर्यंत येणारा. कुणा उंचापुऱ्या साहेबाचा असावा. ज्याची दिल्लीची पाळी, त्याच्या घरी कोट. एरवी तो ग्रुपच्या चिंधा नानांकडे डांबराच्या गोळ्या टाकून पेटीत असायचा. परत आलेला माणूस कोट लगेच देत नसे. आठवडाभर तो घालून गिरणीवर जायचा, विहिरीची मोटार चालू करायला जायचा. घाम निथळतोय, पण वरचं बटण सोडेल तर शपथ! लोक म्हणायचे, "दिल्लीवाले आले," आणि ओट्यावर सरकून जागा द्यायचे.

माझे सासरे सुपडू आबा त्या कोटातून पाच वेळा दिल्लीला जाऊन आले होते. मफलर, काळा चष्मा, बोलता बोलता "हां जी", असं सगळं त्यांच्याकडे होतं. आणि ज्यांनी तीस वर्षं ती केळी लावली, राखली, पाणी दिलं, त्या माझ्या सासूबाई, द्रौपदाबाई, रावेरच्या पुढं गेल्या नव्हत्या. आबा आले की त्या एकच विचारायच्या, "तथी आपली केयी खातं तरी कोन?"

"लोकं खातात," आबा म्हणायचे, आणि मफलर कसा घासाघीस करून घेतला ते सांगायला लागायचे.

सासूबाईंना तेवढंच बघायचं होतं. लाल किल्ला नको, कुतुबमिनार नको. आपला घड कोणाच्या तोंडी लागतो, तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. हे त्या कुणाजवळ फार बोलत नसत, पण स्टेशनवर वॅगनचं दार ओढून घेतलं की त्या गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या. मी हे दोनदा पाहिलं आणि मला आबांचा राग आला.

शहाऐंशीच्या थंडीत पाळी आमच्या घराची होती. कोट आमच्याकडे आला, उन्हात पडला. आणि आबा बागेतल्या पाण्याच्या पाटावरून घसरले. घोट्याला प्लास्टर. माझे मालक नोकरीला परगावी, म्हणजे घरात दुसरा गडी नाही. त्याच संध्याकाळी रुपचंद आला. पुढची पाळी त्याची होती. तब्येतीची विचारपूस त्यानं केली, नाही असं नाही, पण त्याची नजर सारखी खुंटीवरच्या कोटाकडे.

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पाय मोडला तो तुमचा. पाळी काही मोडली नही. पाळी घराची आहे. मी जाते."

आबा हसायला लागले. मग बघितलं, बाई हसत नाहीये. मग एकेक काढायला लागले. तिथं थंडी फार. मंडीत गर्दी फार. हिंदी बोलावं लागतं. सासूबाई ढिम्म. शेवटी आबांनी हुकमाचा पत्ता टाकला.

"आन् घालशीन काय? कोट तं गड्याचा आहे."

"कोटाच्या आत गडी आहे का बाई आहे, हे थंडीले कसं कयीन?"

आबा रागावले. सकाळी कोट नानांच्या ओट्यावर पोचता करा आणि रुपचंदला देऊन टाका, असं मला सांगून त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. सासूबाई चुलीपुढं बसून राहिल्या. त्या रात्रीचं त्यांचं जेवण तसंच राहिलं.

सकाळी केळीवर धुकं उतरलं होतं. मी कोट उचलायला गेले तर खुंटी रिकामी. सासूबाई अंगणात उभ्या. अंगात कोट, डोक्याला आबांचा मफलर.

"हातात काहून वागवायचा? जड आहे," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

मी मागून. आता पुढून पाहिलं तर बाई आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण मागून? कोट पोटऱ्यांपर्यंत. त्याखाली काष्ट्याची टोकं. धोतर काय आणि धुऊन धुऊन रंग उडालेलं शेतातलं नऊवारी काय, धुक्यात सगळं सारखंच. आणि आमच्या गावाला त्या कोटात बाई बघायची सवयच नव्हती. कोट दिसला की आत गडी धरूनच चालायचं.

नानांच्या ओट्यासमोर गुरांना पाणी पाजायचा हाळ आहे. सासूबाई तिथं थांबून चपलेचा चिखल धुवायला वाकल्या, पाठ ओट्याकडे. वर शेकोटीभोवती ग्रुपची माणसं बसलेली. रुपचंद नवीन चप्पल घालून तयार.

"काय सुपडूभाऊ!" चिंधा नाना वरून ओरडले. "चालू लागला की! मोडला म्हनत व्हते, नुसता मुरगयला व्हता ना पाय? मंग तूच जाय बाबा दिल्लीले. रुपचंदले राहू दे."

सासूबाई सावकाश उभ्या राहिल्या आणि वळल्या.

"बरं नाना. जाते मी."

 मग भिकनला हसू फुटलं आणि तो बसल्या जागी आडवा झाला. मग सगळेच हसले. एक रुपचंद सोडून. तो म्हणाला, नानांनी माणूस ओळखला नाही, त्यामुळं हे धरता येणार नाही. दुसरा एक म्हणाला, नानांचा शब्द म्हणजे शब्द. नाना बशीत चहा ओतून कितीतरी वेळ फुंकत राहिले. ग्रुपमध्ये त्यांचा शब्द कधी मागं गेला नव्हता आणि या वयात तो मागं घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

"मी कोटाले जाय म्हनलं," ते शेवटी म्हणाले. "कोट जाईन तं आतलं मानूस बी जाईन. सूनबाईले संगं ने."

सूनबाई म्हणजे मी! मी डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला, नाहीतर तिथंच ओरडले असते.

भुसावळहून आम्ही मेल धरली. खांडव्याला कोट सासूबाईंच्या उशाला होता, झाशीला मांडीवर आला आणि आग्र्याला अंगात गेला. मी साडीवर दोन स्वेटर चढवून कुडकुडत होते. दिल्लीच्या स्टेशनवर लोक त्यांच्याकडे बघून बाजूला होत होते. काळा लांब कोट, खाली काष्टा, डोक्याला मफलर, कपाळावर आडवं मोठं कुंकू. एका हमालानं मला हळूच विचारलं, "कोई बड़ी नेता हैं क्या?" मी हो म्हटलं. त्यानं पिशवी उचलून दिली.

दुभाषी म्हणून मला नेलं होतं, पण माझी पाळीच येईना. मंडीत आडत्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. सासूबाईंनी माल बघितला, भाव ऐकला, मान हलवली आणि विचारलं, "हमारी केयी कोन खाता है?"

"सारी दिल्ली खाती है, माताजी!"

"दिल्ली नको. मानूस दिखाव."

आडत्या माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं. एवढ्यात एका हातगाडीवाल्यानं आमच्याच घडातल्या फण्या उचलल्या. सासूबाई उठल्या आणि गाडीमागं चालू लागल्या. मी चहा टाकून त्यांच्यामागं.

किती गल्ल्या झाल्या कोण जाणे. गाडीवाला आरोळ्या देत होता, "भुसावल का केला! मीठा भुसावल का!" दोन-तीनदा सासूबाईंनी ऐकून घेतलं, मग त्याला गाठला. "भुसावयमें तो नुसते रूळ होते. केयी हमारे गावकी है." त्यानं हात जोडले. पुढच्या आरोळीत त्यानं गावाचं नाव घालायचा प्रयत्न केला, पण ते त्याच्या जिभेला काही जमलं नाही.

मग एका दारातून एक बाई आली, कडेवर पोर. डझनभर केळी घेतली आणि तिथंच एक सोलून पोराच्या हातात दिलं. पोराला पुढचे दोनच दात. त्यानं केळं नाकाला लावलं, गालाला लावलं, मग तोंडात कोंबलं आणि हसलं. सासूबाई उंबऱ्यापाशी उकिडव्या बसल्या आणि बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुसतही नव्हत्या.

त्या बाईनं आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे. कोट पोटऱ्यांपर्यंत होता, पण खाली चपलेत पाय उघडे. टाचांना भेगा आणि बोटं थंडीनं निळी पडलेली. ती आत गेली आणि हातानं विणलेले मरून मोजे घेऊन आली. तिच्या सासूचे असावेत. सासूबाई नाही नाही म्हणत होत्या, तोवर तिनं ते त्यांच्या पायांत चढवलेसुद्धा.

सासूबाईंनी मोज्यांतली बोटं हलवून बघितली. मग मला म्हणाल्या, "कुंदा, माझे पाय गरम राहू शकतात, हे मले मालूमच नव्हतं वं."

तीस वर्षं थंडीतल्या पहाटे ते पाय केळीच्या पाण्यात उभे होते.  मी त्यांना सरळ एका दुकानात नेलं, कारण मोज्यांवर अंगठ्याची चप्पल जाईना, आणि कापडी बूट घेतले. पांढरे, नाडीचे. नाडी बांधायला मी वाकले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या बुटांवर त्या दिल्लीभर अशा काही चालल्या की मलाच धाप लागली.

गावात आलो तेव्हा अर्धा गाव फाट्यावर. दिल्लीनं बाईला काय घातलं, हे सगळ्यांना बघायचं होतं. कोट होताच. पण नऊवारीखाली मरून मोजे आणि पांढरे बूट बघून गड्यांना हसू आवरेना. रुपचंद तर म्हणाला, शाळेत नाव घातलं का काय! सासूबाईंनी कोट तिथंच फाट्यावर काढला, घडी केली आणि नानांच्या हातात दिला. आठवडाभर सोडा, एक दिवसही मिरवला नाही. बूट मात्र ठेवले. दुसऱ्या दिवशी ते घालून बागेत गेल्या.

हसण्याचं म्हणाल तर ते फार टिकलं नाही. बागेत घड कापायला येणाऱ्या बायकांनी एकेक करून ते बूट पायांत घालून पाहिले. आधी हसत, मग न हसता. पुढच्या भुसावळच्या बाजारात बुटांच्या दुकानदाराला कळेना, या गावच्या बायकांना झालंय काय. मला विचाराल तर त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या गावच्या बायकांच्या अंगावर दुसरं गाव दिसलं.

आबा मात्र अजून घरीच होते. प्लास्टरचा पाय खाटेवर, आणि दुपारच्या उन्हात सासूबाई खाली बसून नाड्या सोडत होत्या. आबांनी विचारलं, "मंग? पाह्यली का दिल्ली?"

"एक पोरगं पाह्यलं," सासूबाई म्हणाल्या. "दोनच दात आहेत त्याले. आपलं केयं खात व्हतं. सारं तोंड भरवलं." मग त्यांनी वर बघितलं. "तुमी पाच बार गेले. मले एक बार नही सांगतलं."

चष्मा, मफलर, "हां जी", यातलं काही आबांच्या कामाला आलं नाही. 

"मी पाह्यलंच नही," ते म्हणाले. "मंडीतूनच वापस येत व्हतो." मग अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "पुढच्या बारीले मले दाखवशीन?"

सासूबाईंनी दोन्ही मोजे झटकले, एकात एक घातले.

"चला," त्या म्हणाल्या. "पन हिंदी मी बोलीन."