सिदसेल आत होती तेव्हा

सिदसेलला आत नेलं तेव्हा सकाळचे पावणेआठ झाले होते. दारापर्यंत आम्ही दोघं तिच्या खाटेबरोबर चालत गेलो, एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं प्रेबेन. तिच्या डोक्याच्या डाव्या भागावरचे केस काढले होते. "भांडू नका हं तुम्ही," ती म्हणाली आणि दार मिटलं.

भांडायला आम्ही बोलत तरी कुठे होतो! घटस्फोटाला अकरा वर्षं झाली. प्रेबेन अजून आमच्या जुन्या गावी, लेमविगलाच राहतो. दुधाचा टँकर चालवायचा, आता घरी असतो. मी व्हिबोर्गला एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करते. मुलगी एकच, एकोणतीस वर्षांची. कोपनहेगनमध्ये राहते, नाटकांचे पडदे रंगवते. तिच्या मेंदूत गाठ निघाली, म्हणून आम्ही एका रुग्णालयाच्या एका बाकावर बसलो होतो, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

थोड्या वेळानं नर्स आली. "सात तास तरी लागतील," ती म्हणाली. "इथं बसून राहू नका. या बाकांनी आजवर कुणाचं भलं केलेलं नाही. जा, शहर बघून या. आम्ही फोन करू."

"काय बघून या?" प्रेबेननं विचारलं. त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

"शहर!" ती मोठ्यानं म्हणाली.

मी वीस वेळा तरी कोपनहेगनला आले असेन. दर वेळी सिदसेलचं स्वयंपाकघर घासून, फ्रीज आवरून, पडदे धुऊन परत. शहर काही पाहिलं नव्हतं. प्रेबेन तर शाळेच्या सहलीनंतर आलाच नव्हता. आम्ही कोट चढवले आणि बाहेर पडलो. फोन मी खिशात न ठेवता हातातच धरला.

आधी गोल मनोऱ्यावर गेलो, कारण बस तिथंच थांबली. आत जिने नाहीत. पांढऱ्या भिंतींमधून एक उतार गोल गोल वर चढत जातो. प्रेबेन भिंतीवरची पाटी वाचायला थांबला.

"रशियाचा झार इथून घोड्यावर बसून वर गेला होता म्हणे."

"बरं, मग?"

"मग काही नाही. लिहिलंय."

त्याची ही जुनी खोड. लोण्याच्या पुड्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, जे दिसेल ते मोठ्यानं वाचायचं. एके काळी त्या आवाजानं माझ्या डोक्यात तिडीक जायची. त्या दिवशी काहीच झालं नाही. शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसं वाटलं.

वर बोचरा वारा होता. खाली लाल कौलं, हिरवे पडलेले तांब्याचे कळस, लांब धुराडी. एका तरुण जोडप्यानं आम्हाला त्यांचा फोटो काढायला सांगितलं. प्रेबेननं काढला. मग ती मुलगी म्हणाली, "आता तुमचा काढते." नको म्हणेपर्यंत तिनं माझा फोन घेतलासुद्धा. "जवळ या की जरा, काका! लाजताय काय?"

प्रेबेन अर्धं पाऊल सरकला. मी तिच्या हातातल्या फोनकडे बघत होते. आता वाजला तर? ती उचलेल का?

नंतर रोसेनबोर्गच्या राजवाड्यात गेलो. तळघरात राजघराण्याचे दागिने ठेवलेत. एका मुकुटासमोर मी बराच वेळ उभी होते, पण मुकुट दिसत नव्हता. सिदसेलला पेनिसिलिन चालत नाही हे आपण डॉक्टरांना सांगितलं का, एवढंच आठवत होते. सांगितलं होतं, तीनदा. तरी पुन्हा पहिल्यापासून आठवत होते.

"बाई, जरा मागे," पहारेकरी म्हणाला. माझं कपाळ काचेला टेकलं होतं.

दुपारी एका खानावळीत राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा मागवला. प्रेबेननं स्वतःचं संपवलं आणि माझ्या ताटलीकडे पाहिलं.

"खात नाहीस?"

"खातेय की."

"कुठे खातेयस?"

"मग तू खा."

"ते तुझं आहे."

"प्रेबेन, खा."

त्यानं खाल्लं. अगदी पूर्वीसारखं, मान खाली घालून, वाटाणा पडला तर तोही उचलून. याच माणसाबरोबर मी एकवीस वर्षं जेवले, हे मला ठाऊक होतं. जाणवत मात्र नव्हतं.

एक वाजता आम्ही राष्ट्रीय संग्रहालयात होतो. काचेच्या पेटीत एक छोटा काशाचा घोडा सूर्याची तबकडी ओढत होता. प्रेबेन पाटी वाचू लागला, "एका बाजूला सोन्याचा मुलामा, कारण दिवसा सूर्य..." आणि फोन वाजला.

मी फोन कानाला लावला. तो गप्प होता. वाजत होता तो प्रेबेनच्या कोटात. त्यानं एका खिशात पाहिलं, मग दुसऱ्यात. शेवटी सापडला.

"हो, मीच बोलतोय... हो... बरं... बरं." त्यानं फोन ठेवला. "वेळ लागतोय. गाठ चिवट आहे. अजून तीन तास. काळजीचं कारण नाही म्हणाली."

"तुला का फोन केला?"

"म्हणजे?"

"तुला का? मला का नाही?"

तो घोड्याकडे बघत राहिला. "फॉर्मवर माझा नंबर आहे, बोदिल. जूनमध्येच भरला होता तिनं."

जूनमध्ये. मला सिदसेलनं सप्टेंबरच्या शेवटी सांगितलं होतं. मी मनातल्या मनात महिने मोजले, जसे शर्ट मोजते तसे. जुलैत मी तिच्याकडे आठवडाभर राहिले होते. कपाट आवरलं होतं. ती सोफ्यावर पडून असायची आणि मी म्हणायचे, "आळशी झालीयेस गं."

"तुला जूनपासून माहीत होतं?"

"रंगवताना शिडीवरून पडली. तेव्हा मला फोन केला."

"आणि मला का नाही?"

"आत्ता नको ना, बोदिल."

"सांग."

त्यानं टोपी काढून हातात धरली. "ती म्हणाली, आईला सांगितलं की मला आजारीही पडता येणार नाही, आईलाच सांभाळत बसावं लागेल."

शाळेच्या मुलांचा एक घोळका आला. त्यांच्या बाईंनी आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं आणि आम्ही झालो. मी वाट पाहत होते, आता आपल्याला रडू येईल, राग येईल, निदान या माणसाच्या अंगावर ओरडावंसं तरी वाटेल. काहीच आलं नाही. दाढ काढल्यावर गालाला बोट लावावं, तसं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. कळत होतं, दुखत नव्हतं.

"पुढं जाऊ या," मी म्हणाले.

पुढच्या दालनात ओकच्या खोडाची शवपेटी होती. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची एक मुलगी, सोळा-अठराची. लोकरीचा आखूड झगा, कमरेला काशाची चकती. हाडं विरघळून गेलेली. प्रेबेननं सवयीनं सुरुवात केली, "शिल्लक राहिले ते केस, दात, नखं आणि..."

तो थांबला. मी वाकून पुढचं स्वतःच वाचलं. मेंदूचा काही भाग.

अर्धवट सोडलेली पाटी ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच असावी. तो वळला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी पेटीसमोरच थांबले. मुलीचे केस कापलेले होते, कानापर्यंत आखूड. कुणी कापले असतील, एवढंच मनात आलं.

त्यानंतर आम्ही संग्रहालयाचा एकही मजला सोडला नाही. नाणी पाहिली, जुनी शस्त्रं, बाहुल्यांची घरं पाहिली. आज मला त्यातलं एकही घर आठवत नाही. साडेचारला, बंद व्हायच्या जरा आधी, प्रेबेनचा फोन पुन्हा वाजला. त्यानं पाहिलं आणि माझ्यापुढे धरला. "तू घे. मला नीट ऐकू येणार नाही."

उजवा कान त्याचा चांगला आहे. तरी मी घेतला.

"संपलं," पलीकडून आवाज आला. "गाठ जवळजवळ सगळी निघाली. श्वास स्वतःचा स्वतः घेतेय. बोलण्याचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही."

"आभारी आहे," मी म्हणाले, एखाद्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. प्रेबेनला सांगितलं. तो तिथल्या बाकावर बसला, टोपी तोंडावर दाबून धरली आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात माझाच होता, पण दुसऱ्याच कुणीतरी तो तिथं नेऊन ठेवल्यासारखा वाटला.

रात्री आठच्या सुमारास तिनं डोळे उघडले. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलले, शब्द आला नाही. मी काडीला लावलेल्या ओल्या स्पंजनं तिचे ओठ भिजवले, कारण नर्सनं ते करायला सांगितलं होतं.

बोलणं हळूहळू परत आलं, पण भोकं पडून. 'चमचा' आठवायचा नाही, 'शनिवार' आठवायचा नाही. उजवा हात फेब्रुवारीत ब्रश धरू लागला. प्रेबेन आणि मी आळीपाळीनं जायचो, तो एका आठवड्याला, मी दुसऱ्या. कधी स्टेशनवर गाठ पडली तर कॉफी घ्यायचो आणि तिच्या गोळ्यांबद्दल बोलायचो. बाकी काही बदललं नाही.

मार्चमध्ये एकदा तिच्या टेबलाशी आम्ही दोघीच बसलो होतो. मी म्हणाले, "जूनचं मला कळलंय."

सिदसेलनं कप खाली ठेवला. ती शब्द शोधू लागली. माझ्या तोंडाशी तिच्यासाठी चार शब्द तयार होते. आयुष्यभर मी असेच तिच्या तोंडात शब्द घातलेत. या वेळी गप्प बसले.

"सांगितलं असतं तर..." ती म्हणाली. "तर तू... धावत आली असतीस."

"हो."

"आणि... गेली नसतीस."

"हो. नसते गेले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता काही तरी होईल, तिला किंवा मला. खाली रस्त्यावरून सायकली जात होत्या. मग तिनं बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. आतल्या वस्तूचं नाव तिला आठवत नव्हतं, म्हणून नुसतंच, "घे," म्हणाली. मी एक घेतलं. चारच्या गाडीनं परत निघाले. तिची खरकटी भांडी तशीच ठेवून.