गोदेचा जाब

मित्रांनो, दाराआड उभं असलेलं हे खैराचं जुनं मुसळ म्हणजे मी. भात कांडायची गिरण आली, आता मला कोण विचारतो? दार लोटून मला पाडता, तेवढीच आपली ओळख.

खेडजवळच्या आमच्या वाडीत भात दोघींनी कांडायचं. जमिनीत पुरलेलं दगडी उखळ, आमचं व्हायन, एक, मुसळं दोन. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. गाणंही तसंच, एकीने विचारायचं, दुसरीने जाब द्यायचा. आमच्या घरची सून तुळसा विचारी, आणि तिची नणंद गोदा, माझी धनीण, जाब देई. दोघींना आसरांचं गाणं फार आवडे. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया. त्या एका पोरीला डोहात नेतात आणि तिची भावजय काठावरून विचारते,

"डोहाच्या पाण्यात गो, बाय माझी का राहिली?
दिवा लावूनी दारात, वाट तुझी मी पाहिली."

गाताना दोघी एकमेकींना भिववत आणि हसत.

मग सत्तावीस सालच्या पुरात गोदा साकवावरून पऱ्यात, वाडीच्या ओढ्यात, पडली. ती सापडलीच नाही.

तुळसा एकटीच कांडू लागली. तेच गाणं म्हणे, विचारून झालं की मुसळ हातात धरून थांबे. तिन्हीसांजेला पऱ्याकडे तोंड करून दिवा ठेवी. कोपऱ्यात उभ्याउभ्या माझा जीव तुटे, पण मला कुठलं तोंड! वाडी म्हणाली, पोरीला झपाटलंय. भगताने सांगितलं, गोदेचं मुसळ पऱ्यात टाका आणि सुनेला माहेरी धाडा. सासू राही कबूल झाली. लेक गेल्यापासून ती बाई रडली नव्हती, गोदेचं नावही कुणाला घेऊ देत नव्हती.

सकाळी राहीने मला उचललं. गोदेच्या मुठीने गुळगुळीत झालेल्या जागीच तिचा हात पडला. तेवढ्यात आत तुळसेने गाण्यातलं विचारलं, आणि रोजच्यासारखी ती थांबली. राही उंबऱ्यातून मागे फिरली आणि मला घेऊन व्हायनाशी तुळसेसमोर उभी राहिली.

"थांबू नको गो, तुळशे," ती म्हणाली. "गोदेचा जाब मी देते."

आवाज चिरका, सूर भलतीकडेच.

"आसरांच्या मी घरात, पाटावरी गो बैसले,
मालवा दारीचा दिवा, माझे येणे आता सरले."

लेकीचे शब्द तोंडात आले तशी राही धाय मोकलून रडली. पण दोघींनी कांडणं सोडलं नाही. तुळसा माहेरी गेली नाही, मीही पऱ्यात गेलो नाही. त्या संध्याकाळी तुळसेने दिवा लावला आणि आपल्याच हाताने मालवला.

मला तेल लावा, न लावा, तुमची मर्जी. पण मित्रांनो, घरात कुणी गाता गाता अडलं, तर भगताकडे धावू नका. समोर उभं राहून पुढची ओळ म्हणा. सूर नसला तरी चालतो.