मागे पडणारी साथ

राणोजींचा संशय पायापासून सुरू होई. जन्मभर सिनेमाच्या स्टुडिओत, मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवलेलं. कानात यंत्राची टिकटिक, आणि तिच्या जरा पुढेमागे झालं की सगळ्यांचा टेक वाया. ती टिकटिक तळपायात मुरली होती. आज चेन्नईत, अड्यारच्या फ्लॅटमध्ये तोच पाय सांगत होता, की फोनमधला वाद्यवृंद रेंगाळतोय.

रविवारी जुन्या वादकांच्या मेळाव्यात त्यांना सोलो वाजवायचा होता. आयुष्यातला पहिलाच. स्टुडिओतला जुना सोबती चंद्रमौळी पियानोवर साथीला. सरावासाठी सून चित्राने हे रेकॉर्डिंग आणून दिलं होतं. मागे सगळा वाद्यवृंद आणि सोलोची जागा मोकळी. अर्धांगाच्या झटक्यानंतर डाव्या हाताची बोटं आखडली होती, तरी हल्ली अवघड जागा सुटायला लागल्या होत्या. म्हातारा खुशीत होता. आता ती खुशी पार नासली.

त्यांनी लय मोजणारा जुना चावीचा मेट्रोनोम काढला, नोटेशनच्या कागदावर छापलेल्या वेगावर लावला. साथ चक्क मागे पडली. टेप हळू केली की सूरही उतरतो; इथे सूर मात्र जागच्या जागी, म्हणून तर इतके दिवस पत्ता लागला नव्हता.

मग एकेक आठवायला लागलं. सराव सुरू झाला की चित्राचं स्वयंपाकघराच्या दारात घुटमळणं. फोन पालथा ठेवणं. परवा तर बाल्कनीत चंद्रमौळीशी दबक्या आवाजात बोलत होती! म्हाताऱ्याला रेंगाळायची सवय लावायची, रविवारी तो तोंडघशी पडला की कुणी तरणा उभा करायचा. बेत शिजला होता तर.

"चित्रा, हिकडे ये! अस्क सांग. चोखट नाही हे."

पुण्याच्या चित्राला सासरचं तंजावरी मराठी अजून पुरतं येत नव्हतं, पण 'अस्क' म्हणजे 'सगळं' एवढं पक्कं ठाऊक होतं. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"वेग मीच कमी केला, अप्पा. रोज थोडा थोडा. त्या दिवशी बोटं वळेनात म्हणून तुम्ही व्हायोलिन पेटीत ठेवून रडलात, मला बघवलं नाही."

"आणि रविवारी? चंद्रमौळी काय फोनात बसून वाजवणार?"

"तुमचा सराव फोनवर रेकॉर्ड करून मी त्यांना पाठवते. तेही त्याच वेगाने बसवतायत."

"अय्यो! माझ्यासाठी थांबणार तो? दया दाखवतो?" राणोजींचा आवाज चिरकला. रागापेक्षा त्यात लाजच जास्त होती.

"मीही त्यांना हेच विचारलं, अप्पांना राग येईल म्हणून. ते हसले. म्हणाले, राणोजी जन्मभर मागे बसला, त्याला हे कुणी सांगितलंच नाही. वेग सोलोवाला ठरवतो. साथीने त्याच्या मागून जायचं असतं."

मेट्रोनोमची टिकटिक चालूच होती. राणोजींनी तो बंद केला आणि व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. मग हुकूम सोडला.

"अजून थोडं हळू कर."