दिवे तापल्यावर

"दिवे तापले की पुन्हा एकदा ऐकायचं. त्याआधी घरी जायचं नाही."

मास्तरांना जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी पियानोचं झाकण उघडताना थोरलीला आधी त्यांचा आवाज ऐकू येई. रंगमंचावरच्या दिव्यांच्या धगीने तारा सैलावतात. दुपारी थंड सभागृहात लावलेला पियानो संध्याकाळी उतरतो. म्हणून दिवे दोन तास आधी लावायचे आणि उतरलेल्या तारा मग पुन्हा चढवायच्या. हा नेम थोरलीने कधी मोडला नव्हता.

आज तीन वाजता तिने शेवटची तार लावली, तेव्हा दिवेवाल्याने शिडीवरून विचारलं, "ताई, लावू का?"

"आज राहू द्या. गरज नाही."

आवाज नेहमीसारखाच हळू आला. त्याचंच तिला नवल वाटलं.

आज धाकटीचा कार्यक्रम होता. दोघी एकाच मास्तरांकडे शिकल्या. थोरली सोळा वर्षांची असताना मास्तर आईला म्हणाले होते, की धाकटीला हात आहे आणि थोरलीला कान आहे. आईला वाटलं, दोन्ही मुलींचं कौतुक झालं. टाळ्या हाताला मिळतात, हे थोरलीला त्याच दिवशी कळलं. पुढे धाकटी शहरातल्या एकेका सभागृहात वाजवत गेली. थोरली तिच्याआधी तिथे जाऊन पियानो लावून मागच्या दाराने बाहेर पडत गेली. साडेपाचला माझी प्रार्थना असते, हे कारण तिला वीस वर्षं पुरलं. प्रार्थना खरीच होती, पण ती अर्ध्या तासाची, आणि कार्यक्रम सातचे. हे कुणी बोलून दाखवलं नाही.

धाकटी सरावाला आली ती नेहमीसारखी घाईत. दोन मिनिटं वाजवून थांबली, म्हणाली की असा पियानो कुठेच मिळत नाही. थोरली पिशवी भरत राहिली.

"आज पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीये तुझ्यासाठी."

"साडेपाचला माझी..."

"माहितीये. देवाला सांग, आज लवकर आटप." मग हसू न आणता ती म्हणाली, "लोक विचारतात गं, तुमची बहीण येत नाही का ऐकायला? मी सांगते, ती पियानो सहन करते, मला नाही."

थोरलीला वाटलं, हिला सगळं कळतं की काय. तिथून सुटायचं म्हणून ती म्हणून गेली, "येईन."

"शब्द दे."

"दिला."

घरी येऊन तिने हातपाय धुतले, खिडकी लोटली आणि आसनावर बसली. रोजची प्रार्थना, रोजचाच क्रम. आई-वडिलांची आठवण, आजाऱ्यांना आराम, आणि मग, धाकटीच्या हाताला यश दे. ही ओळ तिने एकही दिवस गाळली नव्हती. रात्री टाळ्यांच्या बातम्या ऐकून जीव जळायचा, तरी दुसऱ्या संध्याकाळी ओळ म्हटली की ती स्वतःला माफ करून टाकायची.

आज ओळ तोंडाशी आली आणि पुढे सरेना. मागायचं कुणाकडे, आणि कुठल्या तोंडाने? अडीच तासांपूर्वी आपणच तर नको म्हणून सांगून आलो.

प्रार्थना अर्धी ठेवून ती उठली. दिवेवाल्याला फोन लावला.

"दिवे लावा. मी निघालेय."

"लावलेत चारलाच," तो म्हणाला. "कधी नव्हे ते ताई विसरल्या म्हटलं. पण आता मधले सूर पार उतरलेत. तुमच्याशिवाय कुणाला जमणार? या लवकर."

ती पोचली तेव्हा बाहेर माणसं जमू लागली होती, दारं अजून बंद होती. आत जाऊन तिने पिशवीतून तारा पिळायची किल्ली काढली. एकेक तार ऐकत, पिळत, पुन्हा ऐकत गेली. कपाळावरून घाम ओघळत होता. पडद्याआड धाकटी उभी होती.

शेवटची तार जुळली तेव्हा धाकटीने विचारलं, "काय झालं होतं?"

"दुपारी मी दिवे लावू दिले नाहीत."

"विसरलीस?"

"नाही."

धाकटी आपल्या बोटांकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी हसलं, दाराची कडी वाजली.

"खुर्ची अजून आहे," ती म्हणाली, आणि वळून आत गेली.

थोरलीने पियानोवरचे आपल्या हातांचे डाग पदराने पुसले. माणसं आत येऊ लागली होती. मागचं दार उघडंच होतं. पोटातली आग काही विझली नव्हती. टाळ्या सुरू झाल्या की ती आणखी भडकेल, हेही तिला ठाऊक होतं. ती तशीच पोटात घेऊन थोरली रंगमंचाच्या तीन पायऱ्या उतरली आणि पहिल्या रांगेकडे चालू लागली.