यादीतला सहावा क्रमांक

महागाई मोजणाऱ्या खात्याचा मूलभूत सिद्धान्त असा की, भाव बदलला तरी चालेल, वस्तू बदलता कामा नये. हा सिद्धान्त ज्यांनी रचला ते कधी दुकानाची पायरी चढले होते काय, याविषयी खात्याची कागदपत्रे मौन बाळगून आहेत. पायऱ्या चढण्याचे काम त्यांनी वार्षिक करारावरच्या माणसांवर सोपवले. त्यांतलीच एक ही. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दहाच्या ठोक्याला, ठरलेल्या क्रमाने आठ दुकाने फिरायची आणि चौदा वस्तूंचे भाव छापील पत्रकात उतरवायचे. दुकानदार तिला भावबाई म्हणत.

या पत्रकाची तिच्या घरातच कुणीतरी डोळ्यांत तेल घालून वाट पाहत असे. तिची सासू. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षे लोकांची बोलणी जोडता जोडता आवाजातला खोटेपणा ओळखण्याची विद्या या बाईंना साधली होती. त्यांचे निवृत्तिवेतन महागाईच्या निर्देशांकाला बांधलेले. सहा महिन्यांत निर्देशांक एका ठरावीक रेषेपलीकडे गेला तर वाढ, नाही तर नाही. गेल्या तीन वेळा तो रेषेच्या अलीकडे, पाव अंकावर, येऊन थबकला होता.

"अगं, भाव तूच लिहितेस ना?" सासूबाई विचारायच्या.

"आठ दुकानांचे, आई. बाकीचं वर ठरतं."

"वर म्हणजे कुठे? ढगात? मला बाजारात सगळं महाग मिळतं आणि तुझ्या कागदावर स्वस्ताई नांदते. तुझ्या त्या आठ दुकानांत मलाही घेऊन चल एकदा."

यात थट्टा होती, पण सगळीच थट्टा नव्हती. घरखर्चाचा तिसरा हिस्सा सासूबाई स्वतः देत आणि तो देता येतो म्हणूनच या घरात ताठ मानेने राहत. त्यांनी स्वच्छ सांगून टाकले होते, "या खेपेला वाढ नाही आली, तर मी धाकट्याकडे जाते. फुकटचं गिळायची सवय नाही मला." धाकट्याने आईसाठी जिन्याखाली खाट टाकली होती. तिथे खिडकी नव्हती. आणि सासूबाई गेल्या तर आपल्याशी भांडायला घरात कोणी उरणार नाही, हे सुनेला पक्के ठाऊक होते. ही हानी लहान नव्हे.

एका शनिवारी सासूबाईंचा गुडघा धरला. यादीतल्या दुकानांत खासगी खरेदी करू नये असा खात्याचा दंडक होता. पण घरात तेलाचा थेंब नव्हता आणि जवळचे दुकान नेमके यादीतले पहिले होते. गल्ल्यावर दुकानदाराची बायको बसली होती. ती हिला ओळखत नव्हती.

"तेल द्या. लिटरची बाटली."

"लिटर? कुठल्या जमान्यात आहात बाई? दीड वर्ष झालं बंद होऊन. आता साडेआठशे मिली येते. एकशे साठ."

भावबाईने बाटली घेतली. पैसे देताना तिचा हात जरा रेंगाळला. चारच आठवड्यांपूर्वी याच फळीवर एक लिटरची बाटली तिने डोळ्यांनी पाहिली होती आणि सहाव्या क्रमांकापुढे लिहिले होते: एकशे चाळीस. त्याआधीच्या महिन्यातही एकशे चाळीसच. त्याच्याही आधी.

मंगळवारी पहिल्या दुकानात बाटली जागेवर होती. दुकानदाराची पाठ वळताच तिने बाटली उलटी केली आणि बुडावर पेनाने बारीकशी फुली मारली. दुसऱ्या दुकानात बाटली होती, फुलीही होती. तिसऱ्यात बाटली फळीवर पोचली तेव्हा आतले तेल अजून डुचमळत होते. एखाद्या संशोधकाला आयुष्यभर खपून जो पुरावा लाभत नाही, तो तिला सव्वा तासात लाभला. त्याने तिला काडीचाही आनंद झाला नाही.

तिथून ती चौथ्यात गेली नाही. सरळ आठव्यात शिरली.

"आज इतक्या लवकर?" आठवा दुकानदार उभाच राहिला. "बसा बाई. चहा सांगतो."

"तेल दाखवा."

"दाखवतो की! तेल काय पळून जातंय? आधी वरचे पाच तर लिहा. क्रम म्हणून काही आहे की नाही?"

"क्रम माझा मी बघते. तेल."

तेवढ्यात मागचे दार ढकलून त्याचा मेहुणा धापा टाकत आत आला. शर्टाच्या आत काहीतरी लांबट कोंबलेले होते. "दाजी, घोटाळा झाला! भावबाई तिसऱ्यातनं निघाल्या आणि चौथ्यात पोचल्याच नाहीत. कुठे मेल्या काय माहीत..." मग त्याला भावबाई दिसल्या. त्याने सावकाश बाटली बाहेर काढली आणि पाहुण्याला नजराणा द्यावा तशी गल्ल्यावर ठेवली.

"हे कधीपासून चाललंय?" तिने विचारले.

"तुमच्या आधीचे साहेब सांगून गेले होते," दुकानदार म्हणाला. "यादीतली वस्तू दिसली नाही की वरून चौकशी लागते. कारखान्यानं लिटर बंद केलं, म्हणून आम्ही आठ जणांनी वर्गणी काढून ही एक सांभाळली. ऊन लागू देत नाही तिला, बाई. स्वतःच्या आईला इतकं जपलं नाही."

"आणि भाव? दीड वर्षात एक पैसा वाढला नाही?"

"विकायचीच नाही तिचा भाव वाढवून काय करू? आणि सरकारसमोर भाव वाढवायचा? आम्ही काय खुळे आहोत?"

"मी इन्स्पेक्टर नाही हो, काका. मी फक्त लिहून घेते. दंड करत नाही, काही नाही."

दुकानदाराने तिच्याकडे नीट, संशयाने पाहिले. "मग दर महिन्याला येता कशाला?"

त्या संध्याकाळी तिने आठही दुकानांसाठी तीन-तीन पानांचे 'पर्यायी वस्तू' पत्रक भरले. साडेआठशे मिलीचे एकशे साठ, म्हणजे लिटरमागे एकशे अठ्ठ्याऐंशी. वाढ चौतीस टक्के. पाव अंकाचे अंतर तोडून रेषा ओलांडायला एवढे पुरेसे होते. सासूबाईंनी पलीकडून विचारले, "आज इतकं काय खरडतेस?"

"खरं खरडतेय," ती म्हणाली. घरी हे बोलायला नको होते.

पर्यवेक्षकाने चोवीस पाने वाचली. शिकलेला माणूस होता, संतापला नाही.

"तुमच्या घरी पेन्शनर आहेत ना?"

"सासूबाई आहेत."

"हं." या एका अक्षरात त्याने तिचे अख्खे चारित्र्य तपासून बाजूला ठेवले. "एकोणीस महिने तुम्ही एकशे चाळीस लिहिलंत. प्रत्यक्ष पाहून लिहिल्याची सही तुमची. म्हणजे एकतर तेव्हा खोटं लिहिलंत, नाहीतर आता. कशाची चौकशी लावू? तुम्हीच सांगा."

तिचा करार पुढच्याच महिन्यात संपत होता. तिचा पगार गेला तर तीन हिश्श्यांचे ते घर उरलेल्या दोन हिश्श्यांवर उभे राहिले नसते.

"तिसरा मार्ग आहे," तो मवाळपणे म्हणाला. "नव्या बाटलीचं झाकण पाहिलंत? ओतताना सांडत नाही. धरायला खाच आहे. वाचलेलं तेल, वाढलेली सोय, सगळं धरलं तर हा फरक भावाचा नाहीच, गुणवत्तेचा आहे. ग्राहकाला चांगली वस्तू मिळतेय आणि त्याचे तो पैसे देतोय. शास्त्राला मान्य आहे हे. जुन्या नोंदीही मग खोट्या ठरत नाहीत."

"दीडशे मिली तेल सांडतं का हो साहेब, कुणाच्या घरी?"

"मोजलंय कुणी?"

मोजले कुणीच नव्हते. त्याने कोरे पत्रक पुढे सरकवले. नोंद नोंदणीकाराच्याच अक्षरात हवी, असा नियम होता. सहाव्या क्रमांकापुढे तिने लिहिले: 'वस्तूच्या दर्जात सुधारणा. भावात बदल नाही.' खाली सही केली. प्रत मागून घेतली. आपल्याला हे लिहायला लावले, एवढे तरी कुणाला दाखवता यावे म्हणून.

तीन आठवड्यांनी महागाई आटोक्यात असल्याचे जाहीर झाले. निर्देशांक रेषेच्या अलीकडे, त्याच पाव अंकावर होता. सासूबाईंनी बातमी दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"तू तर म्हणाली होतीस, खरं खरडतेय."

सुनेने सगळे सांगितले: बाटली, फुली, मेहुणा, झाकण, चौकशी. सांगताना आपला आवाज कापतो आहे हे तिचे तिलाच ऐकू येत होते, आणि सासूबाई डोळे मिटून तो आवाजच ऐकत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला. सुनेने प्रत दिली.

सासूबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. कागद खिडकीपाशी नेला. बराच वेळ लावला.

"एक बाटली आठ दुकानांत फिरते, आणि मेहुणा ती शर्टात लपवतो," त्या म्हणाल्या. "लोकांच्या थापा ऐकण्यात माझं आयुष्य गेलं गं. इतकी रंगवलेली कुणी मारली नव्हती."

"आई, शपथ घेऊन सांगते. त्यांनी लिहायला लावलं."

"अक्षर तुझं आहे."

"हो, पण..."

"सहीपण तुझीच." त्यांनी कागद घडी घालून परत दिला. "नको होते मी घरात, तर तोंडावर सांगायचंस. त्यासाठी सरकारला कशाला मध्ये घ्यायचं?"

आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, फोनपाशी गेल्या आणि तीस वर्षांच्या सवयीच्या स्पष्ट, निर्विकार आवाजात धाकट्याला विचारू लागल्या की, महिन्याचा माझा हिस्सा किती धरतोस ते आधी सांग.