एका सदऱ्याची ओल

आई गेल्याला दोन महिने होत आले होते, आणि अप्पा ओले कपडे घालून वावरत होते. भेटायला आलेल्या लेकीच्या हे लक्षात आलं ते चहाचा कप पुढे करताना. त्यांची बाही तिच्या हाताला गार लागली. तिनं कॉलर चाचपली, मग खांदा. सगळा सदरा दमट होता.

"अंगावर वाळतो तासाभरात," अप्पा म्हणाले. "विजेची बचत."

खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की कपडे वाळवायचं मशीन पाच-सहा मिनिटं फिरतं आणि 'झालं' म्हणून बंद पडतं. पाहुणे परत गेल्यापासून महिनाभर हे असंच चाललं होतं. अप्पांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं दादाला फोन केला. तो म्हणाला, "आज ओले कपडे, उद्या गॅस उघडा ठेवतील. इथे मी खोली रिकामी करून ठेवलीय. रविवारी येतो आणि घेऊन जातो."

"आधी मशीन तर बघू दे."

मशीन बिघडलेलंच निघावं, असं तिला मनापासून वाटत होतं. ते बिघडलं असेल तर अप्पा ठीक होते. ते ठीक निघालं, तर दादाचं म्हणणं खरं होतं.

शनिवारी सकाळी ती माहितीपुस्तक उघडून मशीनसमोर फतकल मारून बसली. अप्पा बॅटरी धरून उभे राहिले. त्यांनी तीस वर्षं लोकांच्या घरचे वीजमीटर तपासले होते, त्यामुळे गप्प राहणं त्यांना जमणारं नव्हतं.

ड्रमच्या तोंडाशी, कपड्यांचे सुटलेले धागे अडवणारी जाळी असते तिच्याखाली, धातूच्या दोन पट्ट्या होत्या. फिरता फिरता ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकला, की त्यातून किंचित वीज वाहते आणि मशीनला कळतं, अजून ओल आहे. वीज वाहायची थांबली, की ते कपडे वाळले असं धरून चालतं.

"पट्ट्यांवर साबणाचा थर बसला असणार," अप्पा म्हणाले. "वीज जाणार कुठून?"

तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळ्यावर जेमतेम करडी रेघ उमटली.

"तुझी आई महिन्या-महिन्याला पुसायची."

तिनं बोळा बाजूला टाकला. त्यांनी वीज मोजायचा आपला जुना मल्टीमीटर आणला. कोरड्या पट्ट्यांवर काटा हलला नाही. ओलं फडकं आडवं ठेवल्यावर लगेच हलला. मशीनचा प्लग काढून तिनं मागचं झाकण उघडलं आणि वायरी तपासल्या. त्याही शाबूत होत्या. शेवटी चादर आणि तीन टॉवेल भिजवून, पिळून आत टाकले. मशीन पन्नास मिनिटं फिरलं आणि थांबलं. टॉवेल कडकडीत वाळले होते.

म्हणजे मशीनला काही झालेलं नव्हतं. ती टॉवेलांच्या घड्या घालत बसली. दादाला काय सांगायचं, हे तिला सुचेना.

"मग माझ्याशीच त्याचं वाकडं आहे," अप्पा म्हणाले.

"तुम्ही आत टाकता तरी काय?"

"कालचे कपडे. सदरा, बनियन, रुमाल."

"एवढेच?"

"दिवसाला एक माणूस आणखी किती मळवणार?"

तिनं घडी तशीच मांडीवर ठेवली. आई रोजचे कपडे रोज धुवायची, दोघांचे, वर चादरी-अभ्रे. अप्पांनी रीत तीच ठेवली होती. पण एक सदरा एवढ्या मोठ्या ड्रममध्ये मागच्या बाजूला चिकटून फिरत राही, पट्ट्यांपर्यंत पोचतच नसे. मशीनच्या लेखी आत कुणी नव्हतंच.

"चार दिवसांचे साठवून धुवा, अप्पा."

"या घरात मळके कपडे शिळे होत नाहीत," ते म्हणाले. त्यापुढे वाद नव्हता.

तिनं पुस्तकाची पानं मागे-पुढे केली. "मग हे बटण मिनिटांवर लावायचं. मशीन ओल बघणारच नाही, सांगितलेला वेळ फिरेल."

"आणि वाळले की नाही, ते कुणी बघायचं?"

"तुम्ही."

अप्पांनी चष्मा वर सरकवून आकडे न्याहाळले. सदरा, बनियन, रुमाल आत टाकले आणि वीस मिनिटं लावली. ते खुर्ची ओढून बसले. मशीन थांबल्यावर त्यांनी सदरा बाहेर काढला. आधी कॉलर दाबून पाहिली, मग काखेतली शिवण, मग खिशात दोन बोटं घातली. घाई नव्हती. कधीकाळी मीटरचं सील असंच बघत असावेत.

"खिसा दुपदरी आहे, ओल धरतो," ते म्हणाले. "आणखी आठ मिनिटं. उद्यापासून तीसच लावीन."

ती बाहेरच्या खोलीत जाऊन फोन घेऊन उभी राहिली.

"काय निघालं?" दादानं विचारलं.

"काही नाही. मशीन चांगलं आहे."

"बघ. म्हटलं होतं ना मी?"

"अप्पाही चांगले आहेत. ते इथेच राहतील."

तिनं पट्ट्यांचं आणि एका सदऱ्याचं सगळं समजावून सांगितलं. दादानं मधेमधे दोन-तीन प्रश्न विचारले. मग म्हणाला, "उद्या येतो तरी. नुसता भेटायला."

"ये," ती म्हणाली. "जेवायलाच ये."